अकरा पदाधिकारी आणि एक कोरा रकाना

नागपूर, १२ फेब्रुवारी १९८१

ती. देवरावभाऊ,

इथूनच तुझ्या पाया पडते. यांची तब्येत बरी आहे. काल अर्धी भाकर खाल्ली. केस गळल्याचं आईले सांगू नको. तिचे गुडघे कसे आहेत?

ब्लड कॅन्सरच्या पेशंटसाठी इथल्या मोठ्या लोकांनी मंडळ काढलं, ते तू पेपरात वाचलंच. खुर्चीसाठी इतके भांडले की अकराही जण पदाधिकारी झाले, साधा सभासद कोणी उरलाच नाही. उद्घाटनाले पेशंट पाहिजे म्हणून यांले तापातच स्टेजवर बसवलं, शाल पांघरली. फोटो झाल्यावर शाल परत मागितली. दुसऱ्या सत्काराले लागते म्हणे!

मग मी रक्तदात्यांचं रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. अकराही जणांनी नाव लिहिलं, पद लिहिलं, झोकात सही केली. रक्तगटाचा रकाना मात्र सगळ्यांनी कोरा सोडला. काहून, विचारलं तर एकाले उपास, एकाले शुगर, बाकीच्यांले घाई. शेवटी वॉर्ड झाडणाऱ्या तुळसाबाईनं बाटलीभर रक्त दिलं. रजिस्टरात तिचं नाव बारावं. सहीच्या जागी अंगठा आहे, पण रकाना भरलेला आहे.

तुझं पत्र मिळालं. मंडळात आपलंही नाव घाल, म्हणतोस. घालते गा भाऊ. पुढच्या शुक्रवारी यांले पुन्हा रक्त लागते. त्या रकान्यात तुझं काय लिहू, तेवढं स्वतः येऊन सांग.

तुझी बहीण,
पुष्पलता