उबदार कपाटाचं दार

आदरणीय आत्या,

तुला वाकून नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याची खास चौकशी. मागच्या वेळी मी डाव्याबद्दल विचारलं होतं. दुखणारा उजवा आहे हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, आणि तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. (डावाही बरा असेलच.) इथे सगळे खुशाल आहेत असं लिहिणार होते, पण तू मला खोटं लिहायला शिकवलेलं नाहीस, म्हणून इतकंच लिहिते की सगळे जिवंत आहेत.

तू नेहमी विचारतेस की मी प्रयोगशाळेत नक्की करते तरी काय. घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुलीला ते सोपं करून सांगता यायलाच हवं. तर सेप्सिस नावाचं एक भयंकर दुखणं आहे. कुठूनतरी जंतू शिरतात आणि शरीराचे पहारेकरी असे खवळतात, की जंतूंबरोबर घरच्यांनाही झोडपत सुटतात. मग इतके दमतात की एखादा फडतूस जंतूही त्यांना ओलांडून आत जातो. आमच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, त्यांच्यात सोडल्या तर खवळलेल्यांना शांत करतात आणि आडवे झालेल्यांना उठवून बसवतात, कदाचित. (आमच्या मोठ्या बाई 'कदाचित'शिवाय वाक्य संपवू देत नाहीत, कारण अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.) आजोबांच्या करवतीवरून बाबा आणि काका भांडले तेव्हा तू काय केलंस आठवतं? मधे स्टूल टाकून उसवलेली उशी शिवत बसलीस. तासाभरात बाबांचा आवाज खाली आला, आणि पांघरुणात तोंड घालून पडलेले काका उठून पाणी प्यायले. मूळ पेशी म्हणजे तूच, आत्या. मोठ्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी आधी तुझं वय विचारलं आणि मग म्हणाल्या, पेशी द्यायला त्या चालणार नाहीत.

या पेशी चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात, एका उबदार कपाटात राहतात. आत कायम सदतीस अंश. दार उघडं राहिलं की त्यांना थंडी लागते आणि सगळा खेळ खलास. आता झालं असं, की बाईंच्या टेबलाचा ड्रॉवर अडकला, त्यांनी कुणी सुतार माहीत आहे का विचारलं, आणि मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, माझे वडील! (मला त्यांना माझी खुर्ची दाखवायची होती. खुर्ची साधीच आहे, पण मागे माझं नाव चिकटवलंय.) त्या दिवशी बाबा आले का बघायला मी तीनदा फाटकापर्यंत धावले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही त्यांना टोपी, झगा, मुखपट्टी आणि बुटांवरून पिशव्या चढवल्या. ड्रॉवर चार मिनिटांत सरळ झाला. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले, आणि परत येऊन बघते तर बाबा उबदार कपाटाच्या बिजागरीला कान लावून उभे! म्हणाले, "या चौकटीत झोल आहे. कुणी गाढवाने बसवलंय हे?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी मेलेल्या. दार उघडं राहिलं होतं हे उघड होतं. (कुणामुळे, ते मी या पत्रात लिहिणार नाही. मोठ्यांचा मान ठेवायला तूच शिकवलंस.) आमच्याकडे गफलतींची वही असते, तिच्यात पाच वेळा 'का' विचारून कारण शोधायचं असतं. पेशी का गेल्या? थंडी लागली. का लागली? दार उघडं राहिलं. का राहिलं? इथे मी लिहिलं, खोलीत सुतार होता. सुतार का होता? ड्रॉवर अडकला होता. हाच सुतार का? माझे वडील आहेत. मग तीन जणांची समिती बसली. वडील पुन्हा घडण्याची शक्यता किती, यावर त्यांनी पाऊण तास चर्चा केली, आणि उपायांच्या रकान्यात 'वडिलांना प्रवेश बंद' असं ठरलं. त्याखाली बाबांची सही हवी होती. त्यांना फक्त सही येते, म्हणून वरचा मजकूर मीच वाचून दाखवला.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईला सांगतात, "मी दार लावलं, उघडलं नाही, असं सांग तुझ्या शास्त्रज्ञाला." (चाळीस वर्षं दारं बसवणारा माणूस दुसरं काय म्हणणार, असं समितीचं मत पडलं.) मग त्यांनी घरातली सगळी दारं काढली. ज्या घरात माझ्या हातावर विश्वास नाही तिथे दार कशाला, म्हणाले. न्हाणीघराचंही काढलं, त्यामुळे आम्ही मोठ्याने गात आंघोळ करतो. आईला एकच गाणं येतं. हे सगळं चालून गेलं असतं, पण काल त्यांनी रंधा, पटाशी, हातोडी पुसून तेल लावून पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना म्हणाले, मला दार लावता येत नाही. आत्या, ते तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. रविवारी येशील का?

तुझी लाडकी (अजून असेन तर) भाची

ता.क. कपाटात एक यंत्र असतं, ते दर मिनिटाला तापमान टिपतं. त्याचा कागद मला काल मिळाला, म्हणजे हे पत्र लिहायच्या आधीच. तापमान अकरा दहाला घसरायला लागलं. फाटकावरच्या वहीत बाबांची वेळ अकरा चाळीस आहे. अकरा पन्नासला तापमान परत चढायला लागलं. अकरा दहाला मी बाटल्या बघून आत ठेवल्या होत्या आणि बाबा आले का बघायला फाटकाकडे धावले होते.

ता.क. २. वहीत तिसऱ्या 'का'पुढे मी आज सकाळी माझं नाव लिहून खाली सही केली. घरी मात्र अजून तोंड उघडलेलं नाही. आमची मुलगी कधी चुकत नाही, असं बाबा बाहेर सगळ्यांना सांगत असतात. तेव्हा त्यांची समजूत घालायला नको येऊस. मी त्यांची माफी मागेन तेव्हा मधे स्टूल टाकून बस. बोलू नकोस काही. शिवायला उशी मी उसवून ठेवते.

ता.क. ३. आल्यावर कडी शोधू नकोस. बाहेरूनच खोक आणि आत ये. आईचं गाणं ऐकू आलं तर मात्र जरा थांब.