डावीकडचा माठ

सोनपेठ
२८ एप्रिल

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जय भीम. परीक्षेच्या पुरवणीवर लिहिलेलं पत्र पाहून हसशील. घरात एक कोरा कागद धड सापडेना, आणि शाळेत उरलेल्या पुरवण्यांचा हा एवढा गठ्ठा पडून आहे, म्हणून वर्गातच लिहायला बसले. सकाळची शाळा आहे, साडेअकराला पोरं गेली. महारुद्र सर ऑफिसात निकालपत्रकांवर शिक्के मारत बसलेत आणि मला ऐकू येईल अशा बेताने उसासे टाकताहेत, कारण माझ्या वर्गाची पत्रकं अजून भरून व्हायची आहेत. टाकू देत. तुला रविवारी फोनवर दहा मिनिटं मिळतात, त्यातली नऊ मीच खाते, हे आता माझ्याही लक्षात आलंय. म्हणून हे पत्र. परवा पप्पा लातूरला तुझा डबा घेऊन येतील, त्यांच्याबरोबर पाठवते.

परवाच्या रविवारी तू म्हणालीस, "आई, एक विचारू?" आणि मी म्हणाले, "आधी पेपर होऊ दे, मग काय ते विचार." तू "बरं" म्हणालीस. मग मी तुला पाणी पी, उन्हात फिरू नकोस, जीवशास्त्राची उजळणी दोनदा कर, असं सगळं ऐकवलं आणि वेळ संपली. फोन ठेवल्यावर पप्पा म्हणाले, "तू लेकराला बोलूच देईनास." मी त्यांच्यावरच खेकसले. पण तेव्हापासून तुझा तो न विचारलेला प्रश्न पायात कुसळ मोडावं तसा टोचतोय. त्याच्याकडे येतेच. आधी शाळेतलं सांगते, कारण गेले आठ दिवस शाळेनं माझं डोकं उठवलंय, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींत अशा गुंतल्यात की एक सोडून दुसरी सांगता येत नाही.

तुला आमचा एप्रिल माहीत आहे. या वर्षी परीक्षा जरा लवकर आटोपली. पुस्तकं मिटली की पोरांना वाटतं आता शाळेत यायचं ते फक्त खिचडीसाठी, आणि मास्तरांना वाटतं पोरं न आलेलीच बरी. मी मात्र यंदा ठरवलं होतं, या उरलेल्या दिवसांत पोरांना विचार करायला लावायचा. अभ्यासक्रम नाही, पेपर नाही, कुणी तपासायला येणार नाही, मग यापेक्षा चांगले दिवस कोणते? मोठ्या तोऱ्यात सहावी-सातवीच्या तेवीस जणांना सांगितलं, उद्या प्रत्येकाने आपल्या मनातला एक प्रश्न लिहून आणायचा, पुस्तकात नसलेला. दुसऱ्या दिवशी तेवीस वह्या आल्या. तेवीसांतल्या एकोणीस वह्यांत एकच प्रश्न होता, "झाडांची पाने हिरवी का असतात?" आणि त्याखाली रेघ मारून उत्तरही. कुणाच्या तरी ताईने तिच्या गाईडमधून उतरवून दिलं होतं आणि बाकीच्यांनी गल्लीत बसून ते नकललं. उरलेल्या चौघांनी विचारलं होतं, "बाई, प्रश्न किती मार्काला आहे?" मी कपाळावर हात मारला.

चिडले खरी, पण कुणावर चिडायचं? चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात सातवीतला एकजण "अध्यक्ष महाशय" म्हणून सुरू झाला तेव्हा अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. सरपंच आलेच नव्हते. तरी त्याने त्या खुर्चीकडे बघून, हात जोडून, अख्खं भाषण म्हटलं. ते भाषण मीच लिहून दिलेलं. गेली नऊ वर्षं तेच देते, फक्त पोरगं बदलतं. ज्या माणसाने साऱ्या जगाला प्रश्न विचारले त्याच्या जयंतीला आम्ही पोरांना पाठांतर देतो, आणि वर टाळ्या वाजवतो. तू चौथीत असताना तेच भाषण म्हटलं होतंस, आठवतं का? मधे एकदा थांबून तू मला तिथूनच विचारलं होतंस, "आई, 'दीपस्तंभ' म्हणजे काय?" आणि मी डोळे वटारले होते.

असो. वहीतले प्रश्न जमेनात म्हणून मी डोळ्यांपुढचा प्रश्न घेतला. वऱ्हांड्यात दोन माठ आहेत. उजवीकडच्यातलं पाणी गार असतं, डावीकडचं नुसतं कोमट. मधल्या सुटीत सगळी झुंबड उजव्या माठावर. मी विचारलं, असं का? तेवीस जणांनी एका सुरात सांगितलं, "जुना झाला म्हणून बाऽई!" मी म्हटलं, जुना झाला म्हणजे त्याचं नेमकं काय झालं? आणि मग मला ती गोष्ट दिसली जी बावीस वर्षांच्या नोकरीत दिसली नव्हती. एकही पोरगं माठाकडे बघत नव्हतं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. एखाद्याने चाचरत काही म्हणावं, माझ्या भुवया जराशा वर गेल्या की त्याने ते गिळावं आणि दुसरंच काही बोलावं. मान हलली की सगळ्यांनी तेच ओरडावं. ही पोरं पुस्तक वाचत नाहीत गं, माझ्या भुवया वाचतात! आणि मला वाटत होतं मी शिकवते.

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते. नेमके तेव्हाच महारुद्र सर आले. त्यांना वाटलं माझं आणि वर्गाचं भांडण झालं. नंतर ऑफिसात मला हळूच म्हणाले, "सुकेशनीबाई, बीपीच्या गोळ्या चालू हायत ना? वर्ष संपायलंय, आता कशाला लेकरांचं डोकं खायलाव?" मी काय सांगणार! पुढचे चार दिवस मी रोज अर्धा तास भिंतीवरचे पोपडे मोजले आणि पाठीमागे पोरं काय बोलतात ते ऐकलं. पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, डाव्या माठावर ऊन येत असेल. त्यांनी माठांची जागा बदलली. जुना माठ उजवीकडे जाऊनही कोमटच राहिला. मग म्हणे झाकणामुळे. झाकणं बदलली, तरी तेच. माझ्या जिभेवर उत्तर असं वळवळत होतं की विचारू नकोस. बोअरच्या पाण्याचा क्षार, बुजलेली छिद्रं, सगळं तयार. दोनदा तर मी मागे वळलेही.

तिसऱ्या दिवशी सहावीतली रेणुका उठली. ही तीच पोरगी, जिच्या प्रगतिपुस्तकात मी सलग दोन वर्षं "अबोल आहे, सहभाग वाढवावा" असं लिहिलंय. ती वऱ्हांड्यात गेली आणि दोन्ही माठांच्या पोटावरून तिने हात फिरवला. नुसता हात. मग म्हणाली, "ह्याचं अंग वलं हाय. अन् ह्या जुन्याला घामच येईना." वर्गात कुणी हसलं नाही. सगळी उठून माठांना हात लावायला धावली. आणि तिने पुढे विचारलं, "पर घाम आल्यावर गार का व्हतंय मग?" संघू, आठवड्यापूर्वीच्या पेपरात याच रेणुकाने बाष्पीभवनाची व्याख्या काना-मात्रा न चुकता लिहिली होती. तेवीसही जणांनी लिहिली होती. मी लाल पेनाने पैकीच्या पैकी दिलेत. ती व्याख्या आणि हा माठ, यांची गाठ एकाच्याही डोक्यात कधी पडली नव्हती, आणि ती पाडायची असते हे मला सुचलं नव्हतं. मला राहवेना. मी खुर्चीतून उठले, तोंड उघडलं, "हे बघा मुलांनो" म्हणाले, तर रेणुका दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "थांबा की बाई! सांगू नका!"

मला आयुष्यात कुणी असं अडवलं नव्हतं. राग आला का, तर आला. एवढीशी पोरगी, मला गप्प करते! बाकीची पोरं घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी परत भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या पोपडे उडालेल्या भिंतीसमोर बसून मला रविवारचं तुझं "बरं" ऐकू आलं. तू मला कधी "थांब" म्हणाली असशील का गं? म्हणाली असशील, मला ऐकू गेलं नसेल. सहा वर्षांची असताना तू चुलीपाशी बसून विचारलं होतंस, भाकरी फुगते तर धपाटं का फुगत नाही? मी म्हणाले होते, गप खा. पाचवीत शिष्यवृत्तीला बसवताना तू गणित तुझ्या रीतीने सोडवायचीस, उत्तर बरोबर यायचं, तरी मी खोडून पुस्तकाच्या रीतीने करायला लावायचे. दहावीनंतर विज्ञान घेतलं ते कुणी? मीच फॉर्म आणला, मीच भरला, मीच सगळ्यांना सांगितलं की संघप्रियाला डॉक्टर व्हायचंय. गेल्या वर्षी मार्क कमी पडले तेव्हा पुन्हा वर्ष करायचं, हेही तुला विचारण्याआधी मी मावशीला कळवून टाकलं होतं. दुसऱ्यांच्या पोरांना विचार करायला लावायला निघाले आणि घरच्या पोरीचा सगळा विचार मीच करून ठेवलेला. तुला काय आवडतं, हे मला कुणी लिहायला सांगितलं तर माझ्या दोन ओळी भरणार नाहीत. हे लिहितानाही मला तुझाच राग येतोय, की तू भांडली का नाहीस. बघ, कशी आहे तुझी आई.

माठाचं पुढे काय झालं तेही ऐक, नाहीतर तुला वाटेल सगळं गोड गोड झालं. पोरांनी ठरवलं, जुन्या माठाचं अंग घासून मोकळं करायचं म्हणजे त्याला घाम येईल. कल्पना मुळीच वाईट नव्हती. पण सातवीच्या पोरांनी काथ्याऐवजी विटकर घेतली आणि जोर लावला. माठ फुटला. वऱ्हांडाभर पाणी, आणि खिचडी करणाऱ्या सुमनबाई झाडू घेऊन उभ्या. "माठ फोडून शिकायलेत व्हय? लय भारी शाळा हाय बाई ही!" महारुद्र सरांनी मला लेखी खुलासा मागितलाय. शाळेच्या वस्तूची हानी. खुलाशात काय लिहू, घाम येत नव्हता म्हणून फुटला? रेणुकाला मात्र माठाचं काहीच वाटलं नाही. ती एक खापरी घेऊन घरी गेली, आणि आज सकाळी मला सांगत होती की खापरी आतून पांढरी पांढरी दिसते, ते काय असेल. मला माहीत आहे ते काय आहे. मी सांगितलं नाही. एवढं जमलं मला, आणि ते जमायला माझी अख्खी सकाळ गेली.

आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे. परीक्षेच्या तीन दिवस आधी हातात पडेल असं काही कुठली आई लिहीत नाही, पप्पाही म्हणाले पेपर झाल्यावर सांग. पण मला वाटतं तुझ्या क्लासच्या ऑफिसातून तुला आधीच काहीतरी कळलंय, आणि रविवारी तू तेच विचारणार होतीस. हो, खरं आहे. पुढच्या वर्षाच्या रिपीटर बॅचचा फॉर्म मी मागवला होता. तुझी परीक्षा अजून व्हायची आहे आणि मी तुझ्या नापाशीची सोय करून बसले होते. शनिवारी तो भरला. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, एक पालकाची, एक विद्यार्थ्याची. मी दोन्ही केल्या. तुझी सही मला इतकी हुबेहूब जमली की पप्पांना दाखवली तर ते म्हणाले, संघू कधी आली होती? तू फोनवर "एक विचारू?" म्हणालीस तेव्हा तो फॉर्म माझ्या हाताखाली होता, म्हणून तर मी तुला बोलू दिलं नाही. आज सकाळी तो फाडला. त्यांनी दोन प्रती दिल्या होत्या, दुसरी या पाकिटात आहे. भरावीशी वाटली तर भर, नाहीतर पाठकोऱ्या बाजूला कच्चं काम कर, मी विचारणार नाही. ती पूर्ण कोरी आहे. मी त्यावर तुझं नावसुद्धा लिहिलेलं नाही.

तुझीच,
आई