कोरडं चालायचं, ओलं नाही

सगुणे, तुला सलाम.

तू गेलीस त्याला तिसरा महिना लागला. मेलेल्या माणसाला पत्र लिहायची मला सवय नाही. जित्या माणसाला तरी कुठं होती? माझी शाळा तिसरीपर्यंत. काना-मात्रा इकडचा तिकडं झाला तर तू वाचून घे. माझं वाकडं सरळ करून घ्यायची तुला जन्माची सवय आहे.

लिहायला कारण झालं ते पातेलं. ईस्टर तोंडावर आला. प्रभुभोजनाचा बेदाण्याचा रस ज्यात उकळायचा ते आपल्या देवळाचं कल्हईचं पातेलं तीस वर्षं माझ्याच घरात, माझ्याच फळीवर पालथं. या दिवसांत तू दारात यायचीस, पदरात बेदाणा घेऊन. शेडवर दिवसभर बेदाणा निवडून तुझी बोटं चिकट झालेली असायची. "आक्का, नव्या हंगामातला हाय. एक बी काडी घावली तर नाव बदल," म्हणायचीस. मी पदर पसरून घ्यायचे. यंदा दारात कुणी आलं नाही. मी दोनदा उठून बघितलं. म्हातारपणाचं खूळ, दुसरं काय.

गेल्या बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना झाली. पाळकसाहेबांच्या बाई म्हणाल्या, "एस्तेरबाईंचे गुडघे धरलेत. यंदा रस कोण करणार?" सगळ्या चटईची काडी मोडत बसल्या. तेवढ्यात तुझी सून उभी राहिली. शालन. लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षांत जिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता ती.

"मी करते की," म्हणाली. "दरसाल करायचं आत्याबाईंच्या मनात लय होतं. त्यांचं ऱ्हाऊन गेलं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पाळकीणबाईंनीसुद्धा. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? "बघू."

हा शब्द तुला ओळखीचा आहे. तू किती वेळा विचारलंस, "आक्का, एकदा रस माझ्या चुलीवर करू का?" आणि मी किती वेळा म्हणाले, "बघू." कधी म्हणाले तुझ्या चुलीचा धूर लागेल. कधी म्हणाले पातेलं जड आहे. एकदा तर म्हणाले तुझ्या घरात मांजर आहे. मांजर माझ्याही घरात होतं, सगुणे. तू ते बघत उभी होतीस आणि ते तुझ्याच पायाला अंग घासत होतं.

खरं कारण तुला ठाऊक होतं. आज मी लिहून देते, म्हणजे कागदावर राहील. आपली वरची आळी महारांची, खालची मांगांची. दोन्ही आळ्यांच्या पणज्यांनी एकाच ओढ्यात, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. गावानं दोघींनाही विहिरीवर चढू दिलं नाही म्हणूनच ना गेल्या त्या तिकडं? पण वर येताना ओढ्याच्या काठावरच आपल्या माणसांनी पुन्हा रेघ मारली. गावानं आपल्याला सगळ्यांत खाली ढकललं, तर आपण तिथंसुद्धा पायऱ्या केल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्या आठवड्यात शिकवलं, "खालच्या आळीचं कोरडं चालतं, ओलं न्हाई." म्हणजे दाणे घ्यायचे, पीठ घ्यायचं, पण तिकडं शिजलेलं आणि पाणी लागलेलं तोंडात घालायचं नाही. सासू दर रविवारी पुढच्या ओळीत बसायची. गीत सगळ्यांत मोठ्यानं तिचंच.

म्हणून तुझा बेदाणा चालायचा. तो कोरडा.

मी लोकांना बोलायला भीत नाही, हे अख्ख्या कवठे महांकाळला ठाऊक आहे. पण माझ्यापेक्षा जहाल तू. माझा मालक गेला तो दिवस मी विसरले नाही. पेटी खांद्यावर, आणि दफनाच्या जागेकडं जाणाऱ्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस आडवे टाकलेले. शेतवाला बांधावर उभा. "वाट माझ्या रानातनं जाती, दुसरीकडनं न्या," म्हणाला. दुसरीकडून ओढा होता, छातीएवढा. आमच्या आळीचे बाप्ये एकमेकांची तोंडं बघायला लागले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. डोळे मिटलेले सगळ्यांचे. तू मात्र डोळे उघडे ठेवून पुढं झालीस आणि हातांनी फेस ओढायला लागलीस.

"आगं ए, काटं हायती," कुणीतरी म्हणालं.

"मग प्रार्थना हिकडं करा, काट्याजवळ," तू म्हणालीस. "तकडं उभं राहून काय व्हनार?"

शेतवाला म्हणाला, "बाई, केस करीन." तू म्हणालीस, "कर की. नाव लिहून घे. सगुणा. आडनाव नंतर सांगते, हात रिकामं न्हाईत."

तुझी मनगटं रक्तानं भरली होती. पेटी पुढं गेली. मग पुढं दीड वर्षं तालुक्याच्या कचेरीपुढं तू मला घेऊन बसलीस, वाट कागदावर येईपर्यंत. मी म्हणायचे, कशाला, माझा माणूस तर पुरून झाला. तू म्हणायचीस, "आक्का, अजून आपण दोघी जायच्या हाय. आणि प्रभू काय नुसता वर गेल्यावर न्याय देनार हाय व्हय? हितं बी मागायचा."

माझ्या माणसाची वाट ज्या हातांनी मोकळी केली, त्या हातांनी उकळलेला रस मला चालला नाही. हे मी लिहिलं. आता पुढचं लिहिते, ते जास्त वाईट आहे.

मला चिकुनगुनिया झाला ते वर्ष. सांधे असे धरले होते की केस विंचरता येईनात. शनिवारी पातेलं फळीवरून काढणारं कुणी नव्हतं. तू आलीस, न विचारता पातेलं उचललंस, आणि गेलीस. रविवारी मला दोघींनी धरून देवळात आणलं. प्याला ओळीतून फिरत माझ्यापर्यंत आला. वास मला कळला. तू वेलदोडा घातला होतास, एक-दोन दाणे. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आणि मी पदर तोंडाला लावला, मान खाली घातली, आणि प्याला शेजारणीकडं सरकवला. प्रभूचा प्याला, सगुणे. तू समोरच्या ओळीत होतीस. वळून बघितलंस.

बाहेर बायका कुजबुजायला लागल्या. मी तोंड उघडायच्या आधी तूच बोललीस. "आक्काला खोकला हाय. दुसऱ्याला लागू नये म्हणून घेतला न्हाई. तुमच्यापरीस शानी हाय ती."

मला खोकला नव्हता. बायका म्हणाल्या, एस्तेरबाई किती जपतात लोकांना. मी ते ऐकून घेतलं. तुझ्या खोट्यावर मी शहाणी ठरले, आणि घरी येऊन गप भाकरी खाल्ली.

तुला एक विचारायचं आहे, आणि रागानं विचारते. शेतवाल्याला तू सोडलं नाहीस, कचेरीतल्या साहेबाला सोडलं नाहीस, मग मला का सोडलंस? देवळाच्या दारात, सगळ्यांपुढं, माझा पदर ओढून का नाही म्हणालीस, "आक्का, तुझ्यात आणि बांधावरच्या त्या माणसात काय फरक?" एक वाक्य. मी भांडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग कदाचित सुधारले असते. तू मला झाकलंस. झाकलेलं नासतं, हे तुला बेदाण्याच्या शेडवर कुणी शिकवलं नाही का?

मिरजेला दवाखान्यात मी तुला बघायला आले होते, तेव्हा तुझ्या हातांच्या काड्या झाल्या होत्या. शालननं घरून थर्मासात चहा आणला होता. तू दोन घोट घेतलेस आणि पेला माझ्याकडं केलास. "घे आक्का, मला जाईना." मी हात पुढं केला. केला, हे खरं. पण मध्येच थांबला. एवढासा. तुला दिसलं. तू पेला मागं घेऊन म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, थंड झालाय." वाफ निघत होती, सगुणे.

मग थोड्या वेळानं तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आक्का, तकडं पंगत एकच असंल न्हाई का?"

"असंल की," मी म्हणाले.

"मग तू कुठं बसशील?"

मी म्हणाले, "मी कशाला बसते, मी वाढायला असेन."

तू हसलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. "म्हंजे तकडं बी जेवायचं न्हाई तुला. लय अवघड हाय बाई तुझं."

चौथ्या दिवशी निरोप आला. तू काढलेल्या वाटेनंच तुला नेलं. एक काटा आडवा नव्हता. वरच्या आळीच्या पोरांनीही खांदा दिला. मेलेल्याला खांदा द्यायला सगळे पुढं होतात. मेलेलं माणूसही कोरडंच असतं ना?

विहिरीवर एका बाईकडं प्रभूनं पाणी मागितलं, जिच्या भांड्याला कुणी शिवत नव्हतं, ती गोष्ट तू सारखी वाचायला लावायचीस. मला वाटायचं सोपी आहे म्हणून तुला आवडते. तू मला ऐकवत होतीस, हे मला आत्ता कळतंय. मंद डोक्याला वेळ लागतो.

तर ऐक. बुधवारी मी "बघू" म्हणाले. शालन खाली बसली, पण बसताना तिनं जे माझ्याकडं बघितलं, ते तुझं बघणं नव्हतं. ती मला झाकणार नाही. बरं वाटलं मला.

काल सकाळी मी पातेलं घासलं, डोक्यावर घेतलं आणि खालच्या आळीत गेले. गुडघ्यांनी दोन ठिकाणी बसवलं. शालन दारात येऊन बघतच राहिली. "मावशी, निरोप धाडायचा की, मी आले असते."

"तू कशाला येशील? न्यायचं मी होतं," मी म्हणाले. "वेलदोडा घाल. तुझ्या सासूनं घातला होता."

तिनं चहा टाकला. मी घेतला, तुमच्याच पेल्यात, बसून. सांगायला हरकत नाही, चहा वाईट होता. तुझ्यासारखीच साखर ओतते ती पोरगी.

पण चार भिंतींच्या आत चहा पिणं सोपं. खोकल्याचं खोटं देवळाच्या दारात सांगितलं होतं, ते तिथंच पुसायला हवं. पाळकसाहेबांना मी सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "एस्तेरबाई, सणाचा दिवस आहे, लोक दुखावतील." मी म्हणाले, "साहेब, तीस वर्षं एक बाई दुखावली, तेव्हा कुठला सण होता?"

म्हणून माझा शब्द आहे तुला. ईस्टरच्या रविवारी प्याला ओळीत फिरायच्या आधी मी उभी राहीन, धरायला कुणाला न बोलावता, आणि सांगेन की मला खोकला नव्हता. कशामुळं प्याले नाही तेही सांगेन, आळ्यांची नावं घेऊन. ज्यांना उठून जायचं ते जातील. मग शालननं उकळलेला रस, तिनं तोंड लावलेल्या प्याल्यातून, तिच्यानंतर मी पिईन. पदरानं कड पुसणार नाही.

आणि तिकडं आले की वाढप्याचं काम मागणार नाही. पंगतीला बसेन, तुझ्या खालच्या अंगाला. तुझा उरलेला पेला माझ्याकडं कर. थंड असला तरी चालेल.

तुझी,
एस्तेरआक्का
वरची आळी