ऑर्लिनच्या डाव्या डोळ्याबद्दल

मी, व्हर्ना टॉर्गर्सन, एल्डन टॉर्गर्सन यांची विधवा, वय ७९, राहणार प्राइस काउंटी, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. अक्षर हलते ते वयामुळे. शेजारी बसून कोणी मला काही सांगत नाही, आणि कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते, हे माझी मुलगी कारीन शपथेवर सांगेल. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक कारीनला. कारीन, तू शिकार करत नाहीस आणि हरणाचे मांसही खात नाहीस, पण दर नोव्हेंबरात, हरणांच्या हंगामात, डलुथहून गाडी हाकत येऊन माझी चूल पेटती ठेवलीस. त्याबद्दल मी तोंडाने कधी काही बोलले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम २. माझी २४३ मापाची रायफलही कारीनलाच. ती विकायची असल्यास विकावी, मात्र तिची हकीकत घेणाऱ्याला सांगावी. १९६९ साली गवताच्या गाडीवरून पडून माझ्या उजव्या खांद्याचे हाड मोडले आणि वेडेवाकडे जुळले. मोठ्या रायफलचा धक्का मला सोसेना. एल्डनने ही लहान नळीची रायफल आणली, पण दुकानातली काडतुसे तिला मानवत नव्हती. शंभर पावलांवर गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरत. मग त्याने तळघरात बाक ठोकले आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा बारूद आणि गोळी भरायला मला शिकवले. "पुस्तकात दिलंय त्याच्या बरंच खालून सुरू करायचं," तो म्हणायचा. "थोडं थोडं वाढव, आणि रायफल काय सांगते ते ऐक." पुंगळीच्या बुडाची टोपी चपटी झाली किंवा काडतूस कोंडणारा बोल्ट उचलायला जड गेला, की बारूद जास्त झाली समजून थांबायचे आणि मागे फिरायचे. तीन हिवाळे गेले. चौथ्या वर्षी माझ्या गोळ्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत पडू लागल्या. माझ्या हातून जखमी होऊन रानात निघून गेलेले हरीण मला आठवत नाही, आणि याचे श्रेय एल्डनच्या धीराला आहे.

कलम ३. स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा काटा वेंडेल प्रॉक यांना. १९७९ साली शिकारी मंडळाच्या सभागृहात मी बारूद तोलायचा काटा नेला, तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले होते, "बाई, काटा घरी पिठासाठी ठेवा." पुढे दहा वर्षांनी त्यांनीच मला तिथे काडतुसे भरण्याचा वर्ग घ्यायला बोलावले आणि पहिल्या दिवशी खुर्ची स्वतः पुसून दिली. त्यामुळे राग उरलेला नाही. तरी काटा त्यांनी घ्यावाच.

कलम ४. तळघरातले पुंगळीत गोळी बसवायचे दाबयंत्र, बारूद तोलायचा काटा, नरसाळी व पुस्तके शिकारी मंडळाला. मी भरलेली काडतुसे मात्र कोणालाही नाहीत. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या रायफलीत घालू नये, मग तो दुसरा माणूस मी का असेना. ती सगळी उकलून टाकावीत. ज्या डब्यावरचे नाव नीट वाचता येत नसेल, त्यातली बारूद अंगणातल्या गवतावर पसरावी, वास घेऊन अंदाज करत बसू नये. बाकावर एका वेळी एकच डबा असावा.

हे शेवटचे वाक्य मी अठ्ठावीस वर्षे शिकवले. का शिकवले, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. ओढ्यापलीकडचे चाळीस एकर रान माझे दीर ऑर्लिन टॉर्गर्सन यांना, आणि त्यांच्या मागे त्यांची पत्नी मार्व्हेल यांना. कारीनला हे जास्त वाटेल, म्हणून कारण देते.

एल्डन जाऊन दीड वर्ष झाले होते. १९८८च्या ऑक्टोबरात ऑर्लिनने माझ्यासारखीच २४३ घेतली आणि मी कोणती बारूद किती भरते ते माप मागितले. मी वहीतून एका कागदावर उतरवून दिले. माझ्या बाकावर त्या दिवशी दोन डबे होते, एक सावकाश जळणाऱ्या बारुदीचा आणि एक झटक्याने जळणारीचा. नावांत एका आकड्याचा फरक. मी माप सावकाश जळणाऱ्या बारुदीचे लिहिले आणि नाव दुसरीचे, जी तेवढी भरली तर रायफल फोडते.

ऑर्लिनने त्या नावाचा डबा विकत आणला. खडीच्या खाणीत नेम जुळवताना त्याची रायफल फुटली. पितळेची कपची डाव्या डोळ्यात गेली आणि डोळा गेला. दुधाचा टँकर चालवायचे त्याचे काम गेले.

वहीशी ताडून पाहिल्यावर माझी चूक मला कळली. मी इस्पितळात गेले. मार्व्हेल कॉफी आणायला बाहेर गेली होती. मी म्हणाले, "ऑर्लिन, तो कागद—"

"कसला कागद?" तो म्हणाला. "मी तो चुलीत टाकला."

"मी नाव चुकीचं लिहिलं रे."

"आणि तू खालून सुरू कर म्हणाली होतीस. मी वरून सुरू केलं, आळसापायी. हिशोब मिटला."

"मिटला नाही."

"व्हर्ना, एल्डनला पुरलंय तिथे अजून गवत नीट उगवलेलं नाही. एवढ्यात हे अंगावर घेऊ नकोस. माझ्या बायकोला यातलं काही सांगायचं नाही."

मी गप्प राहिले. आधी त्याच्या शब्दाखातर, आणि नंतर, खरे लिहायचे तर, मला ते सोयीचे होते म्हणून. गावाने त्याला धांदरट ठरवले. मार्व्हेलने त्याला पुन्हा बारुदीला हात लावू दिला नाही. मला मात्र काटेकोर बाई म्हणून मान मिळाला. माझ्या वर्गाला तो दरवर्षी मागच्या रांगेत येऊन बसे आणि नव्या लोकांना डोळ्यावरची पट्टी दाखवून म्हणे, "हिचं ऐका. न ऐकणाऱ्याचं काय होतं ते बघून घ्या." लोक हसत. मीही हसले आहे.

त्याच्या चुकीचा वाटा त्याचा. पण डब्याचे नाव माझ्या हातचे होते. ते त्याने एकतीस वर्षे स्वतःच्या नावावर वागवले. एवढे माझ्यासाठी कोणी केले नाही, एल्डननेही नाही.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर मंडळात मोठ्याने वाचावे, असे मी इथे लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे. आपण मेल्यावर दुसऱ्याने आपली कबुली वाचावी, यात कसले धाडस.

परवा शनिवारी मी हे कलम इथवर मंडळात स्वतः वाचले. सभागृहात बावीस माणसे होती. वेंडेल प्रॉक यांनी टोपी काढली. ऑर्लिन मागून म्हणाला, "आता या वयात लोक मला शहाणा म्हणायला लागले, तर मी काय करू?" आणि तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

काल मार्व्हेल आली. घरात आली नाही, पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, "मी त्याला काय काय बोललेय, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तुला काय म्हणायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही." ती पायरी उतरून वळली. "पुढच्या रविवारी जेवायला ये. बटाटे तू सोलायचेस, आणि मी बोलले नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही."

मी येते म्हणाले.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कारीनने करावी. यातले एकही कलम कोणाची मर्जी राखण्यासाठी गाळू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही करते. या दोघांना यातून काहीही मिळायचे नाही.

(सही) व्हर्ना टॉर्गर्सन

साक्षीदार: १. (सही) ग्लेनिस हॅबेक, ग्रंथपाल
२. (सही) ड्वेन स्लोमा, औषधविक्रेते

स्थळ: फिलिप्स, प्राइस काउंटी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९