धुक्यातलं समालोचन

दि. ९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे नळातलं पाणी गोठतं म्हणे. इथे थंडी नावालाच आहे. सकाळी पातळ शाल, दुपारी पंखा. अख्ख्या गावात खरी थंडी एकाच ठिकाणी पडते, आमच्या बर्फाच्या कारखान्यात, आणि तिचा मला पगार मिळतो. पहाटे समुद्रावरून धुकं येतं, उन्हं वर आली की जातं. यंदा जरा जास्तच आहे.

बाबा मजेत आहेत. बस सुटली तरी स्कूटर सुटत नाही. तीस वर्षं बस चालवून गाडीला एक ओरखडा नाही, हे दिवसातून दोनदा ऐकवतात. आई मागे बसते आणि तिचं धावतं समालोचन सुरू होतं. डावीकडून सायकल येतेय, पुढे खड्डा आहे, आता कुत्रं, आता वळा. मी म्हटलं, बिचाऱ्यांना सुखाने गाडी तरी चालवू दे. तर बाबाच म्हणाले की बोलू दे तिला, सवय झालीय. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणतो, तुमची आई मागे असली की हॉर्नची गरजच नाही.

पोरांना घेऊन ये. त्यांना स्कूटरवरून दीपगृहापर्यंत न्यायचं बाबांनी कबूल केलंय. वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा. बहिणीवर माया आहे तशी राहू दे.

तुझी,
धाकटी

दि. १७ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कामाचा फार रेटा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पोरांना आणून सोडतो. मला दोनच दिवस राहता येईल. धाकटा आत्तापासून स्कूटरवर पुढे उभं राहायचं म्हणून हटून बसलाय. बाबांना सांग, दोघांनाही एकदमच न्या, भांडणं नकोत. आईला म्हणावं समालोचन चालू ठेव, पोरांची करमणूक होईल. बाबांसाठी वेगळा कागद सोबत आहे.

सगळ्यांनी जपून असावं.

दादा

दि. २४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

घाईघाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घे. आधी सांगते, दोघंही सुखरूप आहेत. आईचं डावं मनगट मोडलं. बाबांचे गुडघे खरचटले.

मंगळवारी असं धुकं पडलं की स्वतःचा हात दिसेना. घरापाशी विरळ होतं, पण बंदराच्या धक्क्यावर नुसता कापूस. मी कुंपण चाचपत कामाला निघाले होते. वळणापाशी आले तर मागून आपल्या स्कूटरचा आवाज आला. मला वाटलं, आता हळू होतील. पण गाडी नेहमीच्याच वेगात, आणि आईचा आवाज नाही. माझ्या अंगावर काटा आला. का, ते तेव्हा कळलं नाही. तेवढ्यात बाबा बोलले.

"अगं, बोल की. गप्प का?"

आई ओरडली, "अहो थांबा, धुक्यात मला काही दिसत नाहीये!"

आणि दादा, बाबा म्हणाले, "कसलं धुकं?"

पुढच्या क्षणी दोघं जाळ्यांच्या ढिगात घुसले म्हणून वाचले. त्याच्यापुढे पाणीच होतं. मी आवाजाच्या दिशेने धावले.

दोन वर्षं बाबांना जवळजवळ काही दिसत नाही. उजेड कळतो, बाकी सगळं पांढरं. म्हणून धुकं पडलंय हे त्यांना कळलंच नाही. आई सांगायची, ते गाडी वळवायचे, आणि आपण दोघं त्यावर दात काढत होतो. भर रस्त्यात ट्रकला न घाबरलेला माणूस सुईला घाबरतो. डॉक्टर डोळ्याला सुरी लावतील, या भीतीने त्यांनी आईकडून कुणाला न सांगण्याची शपथ घेतली होती.

मोतीबिंदू पिकून डोळ्यात दाब वाढला होता. उजवा डोळा गेला. डाव्याचं ऑपरेशन परवा आहे. तो तरी वाचू दे, एवढंच मागणं आहे. दादा, पुढच्या आठवड्यात त्या स्कूटरवर तुझी पोरं असती. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी,
धाकटी

दि. ८ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चांगलं चार पानी. जन्मात एवढं लांब पत्र तू पहिल्यांदाच लिहिलंस, तेही मला झापायला. तू म्हणतोस ते सगळं बरोबर आहे. पोरांना मी त्या गाडीवर बसू दिलं नसतं, काहीतरी निमित्त काढलं असतं. पण ह्यांनी ऐकलं असतं का, ते मला सांगता येत नाही, आणि ते मनात आलं की झोप उडते. स्कूटर शिंप्याला देऊन टाकली.

परवा ह्यांची पट्टी निघाली. डाव्या डोळ्याने चांगलं दिसतंय. मला बघून म्हणाले की तुझे केस पांढरे झाले. मी म्हटलं, तुमच्या मागे बसून बसून झाले.

मग त्यांनी तुझी पत्रं मागितली. डोळ्याला ताण नको म्हणून मी खूप आढेवेढे घेतले. दोन वर्षं ह्यांना तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. तुझा कागद असतो तीन ओळींचा. मी ठीक, काम फार, प्रकृतीला जपा. तेवढ्याने ह्यांचं मन भरायचं नाही, चेहरा उतरायचा. म्हणून मी पुढे वाचतच राहायचे. बाबा, तुमची फार आठवण येते. बाबा, तुम्ही मला सायकल शिकवलीत तशी मी पोराला शिकवतोय. बाबा, तुमच्याइतकं माझं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. हे डोळे मिटून ऐकायचे आणि परत वाच म्हणायचे. परत वाचताना शब्द बदलायला नकोत, याची मला केवढी धास्ती असायची.

काल हे तुझे कागद घेऊन खिडकीशी बसले. एकेक कागद वाचला, उलटून मागून पाहिला, उजेडाला धरला. पाकिटात बोट घालून पाहिलं. मग मला हाक मारली.

"अगं, बाकीचं पत्र कुठे आहे?"

मी म्हटलं, दुसरीकडे ठेवलं असेल, शोधते. आज सकाळपासून दोनदा विचारून झालं. तेव्हा लवकर लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ.

सूनबाईला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
आई