दामाजीच्या होडीने प्यायलेलं गिअरचं तेल

कोपरी, ठाणे पूर्व
२५ नोव्हेंबर १९९४

चिरंजीव जावईबापू आनंदराव यांना सासूबाई भागीरथीचे पोटभर आशीर्वाद. एकवीरा आईच्या कृपेने आम्ही इथे धडधाकट आहोत, तुम्ही मस्कतात तसेच असाल. चित्राला खोकला होता तो गेला काय? नसेल तर तिला सांगा, फ्रिजमधलं पाणी पिणं बंद कर. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. (तुमचंही ऐकत नसेल तर मला कळवा, मी चार ओळी तिला वेगळ्या लिहिते.)

तुम्ही पत्रात विचारलंत, गाडी कशी आहे. गाडी दारात आहे. यापुढे लिहिण्यासारखं काही नाही, पण विचारलंत म्हणून सगळं लिहिते.

तुम्हाला ठाऊकच आहे, कारखान्यात प्रेस पडून चित्राच्या बाबांचा डावा पाय घोट्यात वाकायचा बंद झाला, नोकरी गेली आणि दोन वर्षं हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. मग कारखान्यातला तो जपानी साहेब देशाला परत जाताना आपली व्हॅन यांना स्वस्तात देऊन गेला, कारण तिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही, गिअर आपले आपण पडतात. तेव्हापासून कोळीवाड्यातली अकरा पोरं शाळेत सोडायची आणि आणायची हा यांचा धंदा. मला विचाराल तर अकरा पोरांपेक्षा अकरा मांजरं बरी, पण मला कोण विचारतो.

तर दिवाळीच्या आधीपासून गाडीला सुस्ती आली. गुरगुरायची खूप, पुढे सरकायची थोडी. नाक्यावरच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, काका, हा गिअर मी आयुष्यात उघडलेला नाही, तुम्ही पण उघडू नका. एवढं ऐकल्यावर चित्राचे बाबा उघडणार नाहीत तर कोण उघडणार? साहेबाने दिलेलं पुस्तक काढलं. पुस्तक जपानी, म्हणून यांनी चित्रं वाचली. चित्रावरून यांना कळलं की गिअरचं तेल जळलंय, ते बदलायचं. दिवाळीच्या सुट्टीत पोरं नाहीत, म्हणून अंगणात पुढची चाकं विटांवर चढवली आणि हे वाकडा पाय बाहेर ठेवून गाडीखाली गेले. खालून हुकूम, परात दे. मी म्हटलं, भाकरीची परात गाडीला देऊ? मग उद्या गाडीच भाकऱ्या थापेल. शेवटी मासळी धुवायचं घमेलं दिलं.

नट काढल्यावर जे आलं ते आधी लाल असतं म्हणे, आमचं चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं. मग तळाची ताटली उतरवली, तिच्या वरच्या बाजूला एक जाळी निघाली, ती खाडीतल्या गाळाने भरलेल्या जाळ्यासारखी चोंदलेली. यांनी रॉकेलने धुऊन परत बसवली. मला बजावलं, घमेल्याला हात लावू नको, जेवढं तेल बाहेर आलं तेवढंच आत भरायचंय, आल्यावर माप घेतो. आणि नवं तेल आणायला बाजारात गेले.

आता माझं ऐका. अंगणात माझा जवळा वाळत घातलेला, मधोमध ते घमेलं, शेजारणीची मांजर टपलेली, घमेल्याला अडखळून मी दोनदा पडता पडता राहिले. तेवढ्यात दामाजी आला. (आमचा शेजारी, ज्याची होडी लग्नात तुम्ही पाहिलीत. त्याच होडीत तुमचे मामा ओकले.) होडी किनाऱ्यावर पालथी घालून तो लाकडाला जुनं तेल पाजत होता. इंजिनाचं काळं तेल होडीला पाजलं की कीड धरत नाही, आमच्याकडे ते कुणी फेकत नाही. तो म्हणाला, "वयनी, ह्यो तेल टाकून देनार हाय का?" मी म्हटलं, "ने बाबा, आणि घमेलं आणून दे."

हे बाजारातून तेलाचे डबे घेऊन आले. रिकामं घमेलं बघितलं. ओरडले असते तर मी पण ओरडले असते, पण हे तसेच वळले. लंगडत किनाऱ्यावर गेले. दामाजी होडीवरून हात फिरवत म्हणाला, "गोमादादा, सगला प्याली रे ती, थेंब नाय ठेवला." परत आले आणि ओट्यावर बसले, भिंतीकडे तोंड करून.

मला राग आला. उठले आणि घमेलं उन्हात धरलं. आतून काळी रेघ उमटलेली, जिथपर्यंत तेल होतं तिथपर्यंत. त्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि रॉकेलच्या मापाने मोजून काढलं. चार मापं आणि वर अर्धं. मी म्हटलं, उठा आता, चौथी पास बाईला जमलं ते तुम्हाला जपानीत जमलं नाही. उठले. तेवढंच तेल नरसाळ्याने भरलं, गाडी चालू ठेवून दांडी काढून बघितली, तेल बरोबर खुणेवर. यांनी माझ्याकडे बघितलं. (कौतुकाने बघितलं असं मला वाटलं. डोळ्यात तेल गेलेलं असंही म्हणतात.)

मग गिअर टाकला. गाडी मागे गेली, छान गेली. पुढे काही जाईना. दामाजी किनाऱ्यावरून म्हणाला, "दादा, सगली पोरा उलटी बसव, म्हंजे पुढं गेल्यासारखा वाटंल!" हे म्हणतात तेल ठीक आहे, जाळी धुऊनही चोंदलेलीच, नवी पाहिजे. ठाणं पालथं घातलं, मुंबईला जाऊन आले, अशा गाडीची जाळी मिळत नाही. शाळा सोमवारीच उघडली. पोरांच्या आया नाताळपर्यंत थांबतो म्हणाल्या, पुढे कळव्याच्या रिक्षावाल्याला देणार. द्या म्हटलं. मी तर यांना सांगितलं, ती गाडी भंगारात घाला, अंगण मोकळं होईल, मला जवळा वाळवायला जागा. तेव्हा गाडीची चिंता करू नका. चित्राला जपा.

तुमची सासूबाई,
भागीरथी

ता. क. हे पोस्टात उभी राहून लिहिते. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता चित्राचे बाबा घालतात आणि त्याआधी पत्र अक्षर न् अक्षर वाचतात, म्हणून वर भंगार वगैरे लिहावं लागलं. भंगारात कशाला? रोज सात वाजता हा माणूस केस विंचरून त्या बंद गाडीत जाऊन बसतो, स्टिअरिंग धरून. मला बघवत नाही. तुम्ही गॅरेजात आहात, तिथे अशा गाड्या पायलीला पन्नास. ती जाळी आणि ताटलीच्या कडेची रबराची पट्टी नाताळाच्या आत येणाऱ्या कुणाजवळ तरी द्या. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये हे मला कळतं, तुमच्याकडे मागताना हात जड झाला. सोडे पाठवते.

ता. क. दुसरा. मी मागितलं असं लिहू नका. तुमच्या मनाने पाठवताय असं त्यांना लिहा. जावयाने दिलेलं नको म्हणायला त्यांची जीभ वळणार नाही.

ता. क. तिसरा. जाळीचा नंबर मला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही शोधाल कशी या काळजीत कागद उलटला, तर मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात नंबर लिहिलेला आहे, गाडीचं साल पण, आणि खाली, "आनंदराव, जमलं तर. हिला कळू देऊ नका." अक्षर त्यांचं आहे. तेव्हा मी लिहिलेलं त्यांना सांगू नका, आणि त्यांनी लिहिलेलं मला दिसलं हे तर मुळीच नको. जाळी मात्र एकच पाठवा.