फुगलेली अक्षरं

शारजा, ९ मे २०१०

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

बाबा गेल्यापासून त्यांचं पुस्तकं वाचायचं यंत्र कुणी सुरू केलं का? दिवाळीत मी दोन कंपन्यांची दोन घेतली होती. माझ्याची काच बॅगेतच तडकली, कळाही अडकतात. बाबांचं खाऱ्या हवेत टिकलं असेल तर तुझ्या सुनेला, दिव्यालाही तसलंच घेतो. फोनवर तू नुसतं हूं म्हणतेस, म्हणून लिहून विचारतो.

तुझा सुदेश

वेंगुर्ले, २३ मे

चि. सुदेश यास अ. उ. आ.

यंत्र मजबूत आहे. बाबांच्या हातून दोनदा ओट्यावरून पडलं, ओरखडा नाही. बिघडवलं ते मीच. पावसाआधी सगळ्याला ऊन दाखवते, तसं आमसुलांच्या चटईवर तेही ठेवलं. संध्याकाळी सुरू केलं तर अक्षरं पापडासारखी फुगलेली. पानावर जेमतेम चार ओळी मावतात. थंड झालं तरी उतरत नाहीत. या कंपनीला ऊन बाधतं का?

होडीवाला बाबली येऊन गेला. बाबा जेटीपाशी बुडून गेले तेव्हा तो होडीत होता. बाबांबद्दल तेच तेच सांगतो, "भाऊंनी सरळ पाण्यातच पाय टाकल्यानी." घसरले असं म्हणत नाही. शेजारी ऐकून विषय बदलतात. चाळीस वर्षं तीच जेटी चढणाऱ्या माणसाने मुद्दाम असं का करावं? मी कुणाला विचारत नाही, पण मनातून जात नाही.

दोघं जपून राहा.

आई

शारजा, ६ जून

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

दिव्या हसून बेजार झाली. म्हणते, अक्षरांचे पापड आजवर कुणी घातले नसतील. उन्हाने फार तर पडदा काळवंडेल, अक्षरं वाढत नाहीत. ती कळ दाबून वाढवावी लागतात. मी दिलं तेव्हा बारीक होती. चार ओळी म्हणजे सर्वांत मोठा आकार, त्यापुढे यंत्रात नाहीच. तू कळ दाबली नसशील तर बाबांनीच केलं असणार.

हे लिहिताना हसू गेलं. आई, बाबांना दिसत होतं ना?

सुदेश

वेंगुर्ले, २० जून

चि. सुदेश यास अ. उ. आ.

कळ मी दाबलेली नाही.

बांगडा ते कल्ले बघून घ्यायचे, अलीकडे हाताने दाबून घेत. एसटीची पाटी शेजारच्या कृष्णाबाईंना विचारत. मला वाटे, वयाचा आळस.

पाणी आणि जेटीचा दगड त्यांना एकच दिसले असणार, एवढंच. बाबलीलाही सांगितलं. मला हायसं वाटतं, मग राग येतो. चार ओळींवर आल्यावर तरी सांगायचं. की सांगितलं होतं आणि माझंच लक्ष नव्हतं, तेही आठवत नाही.

दिव्यासाठी हेच घे. दोघांनी डोळे तपासा आणि निघेल ते एकमेकांना सांगा. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

आई